शाई न चढलेली पानं

टिनटिन या चित्रकथामालिकेचं शेवटचं पुस्तक मी वाचते कमी आणि बघत बसते जास्त. सुरुवातीच्या पानांवर पेन्सिल भराभर फिरलेली आहे, तरी माणसं ओळखू येतात. कॅप्टन हॅडॉकची दाढी आहे, टिनटिनच्या कपाळावरचा केसांचा तुरा आहे. पुढे रेघा विरळ होत जातात. मागच्या भिंती आणि घरं नाहीशी होतात, चेहऱ्यांच्या जागी नुसते गोल उरतात, धावणारा माणूस म्हणजे दोन-चार तिरक्या रेघा. संवाद मात्र शेवटपर्यंत लिहिलेले आहेत. बनावट कलाकृतींचा धंदा करणाऱ्या टोळीने टिनटिनला पकडलं आहे. त्याच्यावर पातळ पॉलिएस्टर ओतायचं, तो घट्ट झाला की एका नामवंत शिल्पकाराचं शिल्प म्हणून त्याला खपवायचं, असा बेत ठरला आहे. पहारेकरी त्याला उठवून पुढे घालतो, आणि ४२ पानांवर सगळं थांबतं.

टिनटिनचे चित्रकार-लेखक हर्जे ३ मार्च १९८३ रोजी गेले. आपल्यानंतर टिनटिन दुसऱ्या कोणी काढू नये, हे त्यांनी हयातीतच सांगून ठेवलं होतं. त्यांच्यासोबत अनेक वर्षं काम केलेले बॉब द मूर हे पुस्तक पुरं करायला उत्सुक होते, आणि त्यांच्याइतका लायक माणूस दुसरा मिळाला नसता. हर्जेंच्या पत्नी फॅनी यांनी शेवटी नकार दिला. १९८६ मध्ये ती कच्ची पानं कच्चीच छापली गेली. पुढे काही चाहत्यांनी आपापल्या परीने शेवट जुळवून, शाई आणि रंग चढवून गोष्ट पूर्ण केली. त्यांत कॅनडाच्या इव्ह रोदिए यांचं काम बरंच गाजलं. ते मेहनतीने केलेलं आहे, पण माझं मन त्यात रमत नाही. बनावट कलाकृतींच्या गोष्टीला दुसऱ्याच्या हाताने हर्जेंची रेघ चढवायची, हे मला पटतच नाही.

शिवाय मला त्या कच्च्या पानांत जे मिळतं ते पक्क्या पानांत कधीच मिळणार नाही. हर्जेंच्या छापील पानावर कष्टाचा मागमूस नसतो. सगळीकडे शांत, स्वच्छ, एकसारखी रेघ. ती यायची कुठून, हे इथे दिसतं. एकाच हाताच्या पाच-सहा रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. खांदा आधी वर, मग थोडा खाली, मग पुन्हा वर. हर्जे कागदावर जोर देऊन अशा रेघांचं जंजाळ करायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे, आणि त्यातली जी रेघ सगळ्यांत जिवंत वाटेल ती ट्रेस करून कोऱ्या पानावर घ्यायचे. आपण आयुष्यभर ती निवडलेली रेघ पाहिली. नाकारलेल्या रेघा फक्त या अपुऱ्या पुस्तकात आहेत.

जॉर्ज हेरिमन १९४४ च्या एप्रिलमध्ये वारले, तेव्हा ‘क्रेझी कॅट’च्या साधारण आठवडाभराच्या पट्ट्या त्यांच्या टेबलावर पेन्सिलमध्येच पडून होत्या. वर्तमानपत्रात चालणाऱ्या चित्रपट्टीचा चित्रकार गेला की दुसरा नेमायचा, हा तेव्हाचा रिवाज होता, कारण पट्टी वृत्तपत्राच्या मालकीची. ‘क्रेझी कॅट’ मात्र बंद केली गेली. एका मांजराचं एका उंदरावर प्रेम, उंदराने फेकून मारलेली वीट, आणि त्या उंदराला धरणारा शिपाई कुत्रा, एवढ्यावर तीसेक वर्षं चाललेली ती पट्टी. विषय इतका छोटा की कुणीही पुढे चालवली असती असं वाटावं. आणि तरी ती दुसऱ्या कुणाला जमली नसती, हे मालकांनाही कळलं, याचं मला फार अप्रूप आहे.

अपुऱ्या कादंबऱ्याही असतात, सिनेमेही असतात. पण चित्रकथा अपुरी राहते तेव्हा ती अगदी शरीरापाशी अपुरी राहते. लेखक आडवा पडूनही मजकूर सांगू शकतो, दुसरा कोणी तो उतरवून घेतो. चित्रकथेचं पान खुर्चीत बसूनच काढावं लागतं. पाठ, मान, मनगट, डोळे, सगळं त्यात खर्ची पडतं. जपानी साप्ताहिकांतली मांगा, म्हणजे चित्रकथेची, मालिका दर आठवड्याला वीसेक पानं मागते. मदतनीस असतात, पण चेहरे, हालचाली, चौकटींची मांडणी हे चित्रकाराचंच. आपण ती वीस पानं चहाचा कप संपायच्या आत वाचून मोकळे होतो आणि पुढचा हप्ता कधी म्हणून विचारतो.

एकदा मी ‘बर्सर्क’ या मांगा मालिकेतली एक छोटीशी चौकट ट्रेसिंग पेपरवर उतरवून पाहिली. सैनिकांच्या गर्दीतला एक सैनिक, पानाच्या कोपऱ्यात, छापील आकारात अंगठ्याएवढा. तिचे चित्रकार केन्तारो मिउरा यांनी तिथे छाया दाखवायला नुसता काळा रंग भरलेला नाही. बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी विणली आहे, उजेडाच्या बाजूला विरळ आणि अंधाराच्या बाजूला दाट. पूर्ण संध्याकाळ गेली आणि माझी चिलखताची एक बाही झाली, तीही माझ्यापुढे तयार रेघा असताना. मिउरांनी त्या सैनिकाला पहिल्यांदा शून्यातून काढलं होतं, आणि त्या पानावर तसे शंभर तरी असतील.

म्हणून चित्रकारांवर चिडणाऱ्या वाचकांचं मला खरंच वाईट वाटतं. योशिहिरो तोगाशी यांच्या ‘हंटर × हंटर’च्या वाट्याला असा संताप जितका आला तितका क्वचितच कुणाच्या आला असेल. १९९८ मध्ये सुरू झालेली ही मालिका. पाठीच्या दुखण्यापायी तिच्यात खंड पडू लागले, आणि नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०२२ असा जवळजवळ चार वर्षांचा मोठा खंड पडला. आळशी, बेफिकीर, पैसे मिळाले म्हणून निवांत, काय काय बोललं गेलं. नंतर तोगाशींनी स्वतःच लिहिलं, की दोन वर्षं त्यांना खुर्चीत बसून चित्रं काढता आलेली नव्हती. २०२२ मध्ये त्यांनी ट्विटरवर खातं उघडलं आणि तिथे ते टाकायचे काय, तर मूळ पानाच्या कोपऱ्याचा फोटो. जवळजवळ कोरा कागद, एक-दोन रेघा आणि पानाचा क्रमांक. आज हे झालं, आज ते झालं. लाखो माणसं तो कोपरा पाहायला यायची. मीही जायचे. दुखणाऱ्या पाठीने सांगितलेली हजेरी होती ती, आणि तिच्यासमोर पुढचा हप्ता कधी हा प्रश्न विचारायची माझी तरी छाती झाली नसती.

२०२३ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात त्यांनी मालिकेचा एक शेवट सांगूनही टाकला. डोक्यात अनेक शेवट आहेत, त्यांतला हा वापरायचा नाही. पण मी आधी गेलो तर हाच शेवट समजा, असं. वाचकांचा इतका विचार करणारा माणूस बेफिकीर कसा असेल?

मिउरांना अशी सोय करून ठेवायला वेळ मिळाला नाही. ६ मे २०२१ रोजी महाधमनी फाटून ते अचानक गेले, वयाच्या ५४व्या वर्षी. ‘बर्सर्क’ १९८९ पासून चालू होती. तिचा नायक गट्स, उंचापुरा, माणसाहून मोठी तलवार पेलणारा, एक डोळा आणि एक हात गमावलेला. ज्या मित्राने त्याच्या सगळ्या सोबत्यांचा बळी दिला त्या ग्रिफिथला तो शोधतो आहे. एका टप्प्यावर तो आणि त्याचे साथीदार जहाजात बसले आणि पुढचे हप्ते यायला इतका उशीर होऊ लागला, की वाचकांच्या लेखी ते जहाज वर्षानुवर्षं समुद्रातच होतं. त्यावर विनोद व्हायचे. मिउरा गेल्याची बातमी आली आणि ते विनोद एका दिवसात थांबले. ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन खेळात मोठ्या तलवारी पाठीवर घेतलेले खेळाडू शहराच्या रस्त्यावर रांगा करून निश्चल उभे राहिले. एकमेकांना न ओळखणारे, वेगवेगळ्या देशांत आपापल्या पडद्यासमोर बसलेले. त्या रांगेची चित्रं पाहून मी रडले होते.

त्या सप्टेंबरमध्ये मिउरांचं शेवटचं काम, ३६४वं प्रकरण, छापलं गेलं. पुढची गोष्ट सविस्तर लिहून ठेवलेली नव्हती. पण एक माणूस होता. कोजी मोरी, मिउरांचे शाळेपासूनचे मित्र आणि स्वतः मांगाकार. जाण्याच्या जवळपास ३० वर्षं आधी मिउरांनी एकदा त्यांना ‘बर्सर्क’ची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली होती. जून २०२२ पासून मिउरांच्याच स्टुडिओतले शिष्य मोरींच्या देखरेखीखाली मालिका पुढे काढू लागले. सुरू करताना मोरींनी वाचकांना स्पष्ट सांगितलं, की मिउरांनी मला जे सांगितलं तेवढंच येईल. मला नीट आठवत नाही ते मी लिहिणार नाही, त्यात माझी भर घालणार नाही.

फॅनींनी टिनटिन थांबवला, मोरींनी ‘बर्सर्क’ चालू ठेवली, आणि मला हे दोन निर्णय एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. दोघंही जाणाऱ्याच्या शब्दाला धरून राहिली. एकाचा शब्द होता, पुढे काढू नका. दुसऱ्याने गोष्टच एका मित्राच्या हवाली केली होती. नव्या ‘बर्सर्क’मधली चित्रं मिउरांच्या तोडीची नाहीत असं म्हणणारे आहेत. मला त्या शिष्यांचे हात ओळखू येतात. रेघांची जाळी तशीच विणलेली असते, फक्त चेहऱ्यांत मिउरांचा तो अस्वस्थ गोडवा नसतो. तरी मी ती वाचते. गोष्ट त्यांची आहे, एवढं मला पुरतं.

अ‍ॅस्टेरिक्सच्या बाबतीत गोष्ट पूर्ण होती. या फ्रेंच चित्रकथेचे लेखक रने गोसिनी ५ नोव्हेंबर १९७७ रोजी डॉक्टरांकडे हृदयाची तपासणी चालू असतानाच गेले, तेव्हा ‘अ‍ॅस्टेरिक्स इन बेल्जियम’चे सगळे शब्द लिहून झाले होते आणि आल्बेर उदेर्झो यांची चित्रं अर्ध्यावर होती. पुस्तक १९७९ मध्ये आलं. एका पानापासून पुढे त्यात आभाळ भरून येतं आणि पाऊस लागतो. विनोद चालू आहेत, मारामाऱ्या चालू आहेत, अ‍ॅस्टेरिक्सचा धिप्पाड मित्र ओबेलिक्स माणसं हवेत उडवतो आहे, आणि या सगळ्यावर राखाडी पाऊस. मित्राने लिहिलेल्या एका शब्दालाही हात न लावता उदेर्झोंना जे म्हणायचं होतं ते त्यांनी आभाळात म्हटलं. यापुढचं अ‍ॅस्टेरिक्स त्यांनी एकट्याने लिहून-काढून चालवलं आणि ते मला कधी फारसं भावलं नाही. पण त्या पावसासाठी त्यांच्याबद्दल मला कायम माया आहे.

मरण हे एकच कारण नसतं. अ‍ॅलन मूर यांची ‘बिग नंबर्स’ ही चित्रकथामालिका १२ अंकांची ठरली होती. एका गावातली कितीतरी माणसं, प्रत्येकाचं प्रत्येक अंकात काय होणार याचा त्यांनी एका मोठ्या कागदावर आखलेला तक्ता. १९९० मध्ये दोन अंक निघाले. चित्रकार बिल सिंकेविच इतकी बारीक रंगवलेली पानं देत होते की ते काम त्यांना झेपेना. त्यांच्यानंतर दुसऱ्या चित्रकाराने ते हाती घेतलं, तेही तडीला गेलं नाही. ‘मिरॅकलमन’चं निराळंच. २४वा अंक १९९३ मध्ये आला, प्रकाशन संस्था बुडाली, आणि हक्क कुणाचे या वादात मालिका वर्षानुवर्षं अडकून पडली. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा चित्रकार मार्क बकिंगहॅम यांनी तरुणपणी काढून ठेवलेली पानं वापरली नाहीत, सगळी नव्याने काढली. मधल्या काळात हात बदलतो. तीसेक वर्षांपूर्वीच्या आपल्याच पानापुढे नवं पान जोडायला त्यांचं मन धजलं नसेल, असं मला वाटतं.

आणि बाजाराने मध्येच तोडलेल्या मालिका तर अगणित. जपानी साप्ताहिकं वाचकांचा कौल घेतात, तळाला राहिलेल्या मालिकेला काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागतो. अशा वेळी चित्रकाराला दोन-तीन हप्त्यांत सगळं आवरायचं असतं. मग शेवटच्या पानावर सगळी पात्रं एकत्र, आकाशाकडे किंवा शत्रूकडे धावणारी, आणि आपली खरी लढाई आता सुरू होते अशा अर्थाचं एक वाक्य. हा शेवट इतक्यांदा आला की त्याची टिंगल होते. मला त्या पानांची टिंगल करवत नाही. मनात शंभर प्रकरणं असलेल्या एखाद्या पोराला उरलेल्या दहा पानांत एवढंच म्हणता आलेलं असतं.

सगळ्यांत जास्त वेळा माझं मन जातं ते ओसामु तेझुका यांच्या ‘फिनिक्स’कडे. ही त्यांनी आयुष्यभराचं काम मानलेली मालिका. पहिला भाग प्राचीन जपानमधला, दुसरा थेट मानवजातीच्या अंतापाशी, ३५व्या शतकात. पुढचा पुन्हा भूतकाळात, त्याच्या पुढचा पुन्हा भविष्यात. दोन्ही बाजूंनी भाग सरकत सरकत मधे येणार आणि शेवटचा भाग वर्तमानात, म्हणजे वाचकाच्या आणि तेझुकांच्या स्वतःच्या काळात घडणार, अशी आखणी होती. शेवटचा मोठा भाग ‘सूर्य’, त्यात सातवं शतक आणि एकविसावं शतक एकाच गोष्टीत विणलेली आहेत. दोन्ही काठ इतके जवळ आले होते. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी तेझुका गेले, इस्पितळातही काम करू द्या म्हणत. हजारो वर्षं मागचं आणि पुढचं काढून झालं, आज काढायचा राहिला. त्यांनी तो कसा काढला असता? फिनिक्स पक्षी प्रत्येक युगात माणसांना दिसतो, अमर होण्याच्या हव्यासाने माणसं त्याच्या मागे लागतात. आपल्या युगात तो कुणाला दिसला असता, याचा विचार मी अजून करते आणि मला उत्तर सापडत नाही.

वाचकही मालिका सोडतात. त्याची कुठे नोंद होत नाही. ‘वन पीस’ १९९७ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिचे १०० खंड झाले. बारा वर्षांचा वाचक एवढ्यात चाळिशीकडे येतो. मध्ये परीक्षा, नोकरी, मूल, आजारपण. एक महिना चुकतो, मग सहा महिने, मग इतकं मागे पडतो की कुठून सुरू करावं कळत नाही. मीही ती एका बेटावर सोडली आहे. मजा म्हणजे त्या बेटावरची सगळी मंडळी माझ्या डोक्यात अजून तिथेच, जेवणाच्या पंक्तीत बसलेली आहेत. मैत्रिणीने ‘नाना’ मुद्दाम सोडली. आई याझावा यांची ही मालिका २००० मध्ये सुरू झाली, २००९ मध्ये लेखिकेच्या आजारपणामुळे थांबली, २१ खंडांवर. वीस वर्षांच्या दोन मुली, दोघींचंही नाव नाना, एकाच आगगाडीत भेटतात आणि एका घरात राहायला लागतात. पुढच्या काळातून एक नाना दुसरीला उद्देशून बोलत राहते, म्हणजे ताटातूट झाली हे आपल्याला कळलेलं असतं. पुन्हा भेटणार का, तेवढं कळत नाही. मैत्रिणीला कळलं की पुढे कोणीतरी मरणार आहे, तिने तिथेच पुस्तक मिटलं. लेखिकाच थांबली आहे तर मी दोन खंड आधी थांबले तर बिघडलं कुठे, असं म्हणते. मला ते योग्य वाटतं. तिच्या घरात त्या दोघी अजून एकत्र राहतात.

मी तसं करू शकले नाही ते ‘व्हॅगाबॉन्ड’च्या बाबतीत. ताकेहिको इनोऊए यांची मालिका, मियामोतो मुसाशी या तलवारबाजाची, १९९८ मध्ये सुरू झालेली. जगात अजिंक्य व्हायला निघालेला, दिसेल त्याला आव्हान देणारा पोरगा. ३७ खंड झाले आणि २०१५ पासून मालिका थांबली आहे. थांबण्याआधी इनोऊएंनी जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्या लढाऊ मांगात पाहिलेलं नाही. मुसाशी एका उपाशी, ओसाड खेड्यात जातो आणि शेती करू लागतो. प्रकरणामागून प्रकरणं तलवार बाजूला पडलेली, हा चिखलात गुडघ्यावर. माती कडक आहे, पाणी धरत नाही. एक म्हातारा शेतकरी त्याला आधी काही शिकवत नाही, नुसता बघतो. इनोऊए तोवर ब्रशने काढायला लागले होते, त्यामुळे त्या पानांवर पाण्याचे, ढेकळांचे, भिजलेल्या कपड्यांचे फटकारे आहेत. कित्येक वाचक तिथे कंटाळून गेले. मला ते खंड सगळ्यांत प्रिय आहेत.

आणि शेवट, तो इनोऊएंनी काढलेला आहे! २००८ मध्ये टोकियोच्या उएनो भागातल्या संग्रहालयात त्यांनी प्रदर्शन भरवलं. दालनांच्या भिंतींवर लहान-मोठी शाईची चित्रं, वाचणाऱ्याने चालत चालत वाचायची. त्यांत म्हातारा मुसाशी आहे आणि त्याचे शेवटचे क्षण आहेत. मालिका अजून चालू असताना नायकाचा मृत्यू काढून झाला. राहिला आहे तो मधला भाग, सासाकी कोजिरोशी एका बेटावर झालेलं द्वंद्व, ज्याच्यासाठी जपानमधला लहानथोर मुसाशीला ओळखतो.

थांबलेल्या जागी दोघांचाही रोख कोकुरा गावाकडे आहे. इनोऊएंनी मधल्या वर्षांत चित्रपट दिग्दर्शित केला, आपली दुसरी एक मालिका पुन्हा हाती घेतली. परत यायचं की नाही हे त्यांनीच ठरवावं. ते आले नाहीत तर मात्र हे दुसऱ्या कुणी पुरं करू नये, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण कोजिरो आहे. इनोऊएंचा कोजिरो जन्मापासून बहिरा आहे. तो बोलत नाही, त्याच्या लढायांत शब्द नसतात, पानंच्या पानं फक्त पावलं, मनगटं आणि नजर. त्या बेटावर तो मुसाशीसमोर उभा राहील तेव्हा लिहिण्यासारखं काही नसेलच. मिउरांनी मोरींना गोष्ट सांगितली तशी ही गोष्ट कुणा मित्राला सांगून ठेवता येणार नाही. ती पहिल्यांदा कळेल ती ब्रश कागदावर टेकल्यावरच, बहुतेक इनोऊएंनासुद्धा.